रिकाम्या गिलासाचा पुरावा

मी औषधं विकतो. दुकानात बसून नाही, बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभं राहून. अकोला ते अमरावती या पट्ट्यात मनाच्या आजारांवर औषधं लिहिणारे जेवढे डॉक्टर आहेत, त्यांच्या बाहेरच्या बाकड्यांवर माझं अर्धं आयुष्य गेलं. कोणत्या बाकड्याचा पाय लुळा आहे आणि कोणत्या कंपाउंडरला कोणत्या ठेल्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो, हे मला झोपेतही सांगता येईल.

लोक याला विक्री म्हणतात. मी याला नाटकच मानत आलो. एक पेशंट बाहेर आला आहे आणि दुसरा आत जायचा आहे, तेवढ्या फटीत तुमची एन्ट्री. डॉक्टर पाण्याचा घोट घेतायत, तो घोट संपेपर्यंत तुमचा प्रयोग. नमस्कार, एक विनोद, आणि पडदा वर: आलेख! पूर्वी रंगीत फोल्डर असायचा, आता टॅब असतो, पण आलेख तोच. स्किझोफ्रेनियावरचं आमचं औषध ही माझी हुकमी भूमिका. दोन रेषा. एक करडी, जुन्या औषधाची, रेंगाळत खाली येणारी. दुसरी केशरी, आमची, धाडकन खाली. रेषा जितकी खाली तितका आजार कमी. त्या केशरी रेषेवरून मी बोट असं खाली आणायचो की चिखलदऱ्याच्या कड्यावरून डोकावावं तसे डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकायचे. आलेखाची उभी पट्टी शून्यापासून सुरू न करता मधूनच सुरू केलेली असे, त्यामुळे बोटभर फरकाची दरी दिसे. हे मला ठाऊक होतं. रंग किती थापलाय हे नटाला ठाऊक असतंच.

माझा हा प्रयोग अमरावतीत एकाच ठिकाणी पडायचा. तिथल्या एक मॅडम, मानसोपचाराच्या डॉक्टर, वयानं माझ्या मावशीएवढ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालणाऱ्या. मी आत गेलो की त्या म्हणायच्या, "बसा." एमआरला, कंपनीच्या फिरत्या माणसाला, कुणी बसा म्हणणं हेच मुळात अशुभ.

"जुन्या औषधाशी तुलना केलीय?"

"हो मॅडम."

"जुन्याचा डोस किती दिला होता? की भरमसाट दिला, म्हणजे ती माणसं ताठून जावीत आणि तुमचं औषध गोड दिसावं?"

मी आलेखाखालची मुंगीएवढी अक्षरं वाचल्याचा अभिनय करायचो.

"सुरुवातीला जेवढी माणसं घेतली, तेवढी शेवटपर्यंत होती?"

"काही मधे गेली, मॅडम."

"कुठे गेली? बरी होऊन गेली की त्रासून गेली? त्यांचं गणित कसं धरलं? आणि हा सगळा खेळ काही आठवड्यांचा. आजार किती वर्षांचा?"

"पण मॅडम, आजाराच्या गुणांमध्ये बघा ना, केवढा फरक..."

"गुण उतरले म्हणजे माणूस सकाळी उठून तोंड धुतो का?"

बाहेर येऊन मी हाच प्रवेश बाकीच्या एमआरांना दोन आवाजांत करून दाखवायचो आणि सगळं बाकडं हसून हलायचं. मॅडमना एक गोष्ट माहीत नव्हती. माणूस सकाळी उठून तोंड धुतो का, हा प्रश्न माझ्या घरी रोजचा होता.

आमचं घर बडनेऱ्याला, रुळांच्या इतकं जवळ की स्टेशनवरची घोषणा स्वयंपाकघरात ऐकू येते. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांनी रिटायर होऊनही गाडीच्या वेळेवर जेवायची सवय सोडली नाही. आई घरात. आणि माझा मोठा भाऊ, दादा, जो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अमरावतीच्या कॉलेजात असताना एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "थे स्टेशनवरची बाई माह्यं नाव घेऊन राहिली." आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, पोरगा कविता करायला लागला. मग बाई नुसतं नाव घेऊन थांबेना. ती त्याला शिव्या देऊ लागली, त्याच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका साऱ्या प्लॅटफॉर्मला ऐकवू लागली, आणि शेवटी तिनं सांगितलं की तुझ्या जेवणात काहीतरी टाकलेलं आहे. परीक्षा राहिली. वर्षं गेली. गाड्या बदलल्या, घोषणेचा आवाज बदलला, दादाची बाई तीच राहिली.

बाबांबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीत विहारात पंचशील सगळेच म्हणतात. बाबा पाळायचे. खोटं बोलणार नाही हे चौथं शील तर त्यांना रुळासारखं होतं, त्यावरून उतरलं की अपघात. दादासाठी एकदा मोर्शीकडचे पाहुणे आले. मुलगी शिकलेली, माणसं चांगली, आईनं पोहे केलेले. मी दादाला इस्त्रीचा शर्ट घालून असा बसवला होता की खुद्द मला त्याच्याशी लग्न करावंसं वाटलं असतं. मुलीच्या मामानं सहज विचारलं, "पोराची तब्येत-गिब्येत?"

बाबा म्हणाले, "तब्येत बरी हाय. फक्त त्याले आवाज ऐकू येतात. रेल्वेची बाई त्याच्याशी बोलते."

पाहुण्यांनी पोहे संपवले, कारण पोहे झालेच तसे होते, आणि उठले. आई बाबांशी आठवडाभर बोलली नाही. दादा मात्र त्या दिवसापासून जगात एकाच माणसावर विश्वास ठेवायला लागला.

गोळ्या त्याला एकदा इस्पितळात भरती केलं तेव्हा मिळाल्या होत्या, आणि आई म्हणते त्याप्रमाणे थोडा उतारही पडला होता. घरी आल्यावर तो गोळी गालात धरायचा आणि मागे जाऊन मोगऱ्याच्या कुंडीत थुंकायचा. मग अकोल्याच्या एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. जुनं औषध, स्वस्त, रंग नाही, वास नाही. "खाण्यापिण्यात टाकून द्या," ते म्हणाले, "घेणारच नसेल तर दुसरं काय करता?" आईनं ताक निवडलं. दादाला ताक लहानपणापासून आवडायचं, आणि ताक घुसळताना रईच्या आवाजात बाटलीचं बूच उघडल्याचं ऐकू येत नाही. बघा, नाटक फक्त माझ्याच अंगात नव्हतं.

"तुह्या बाबाले सांगाचं नाई," आई मला म्हणाली.

"काहून वं माय?"

"थो विचारीन, बाबा, यात काई हाय का. आन् हे सांगून मोकळे होतीन, हाव, हाय म्हणून. पाव्हण्यायले सांगतलं तसं."

 योजना मला नामी वाटली. दादा रोज विचारायचाच. दुपारी पडवीत तो आणि बाबा दोघंच जेवायला बसायचे, कारण दुसरं कुणी पाहत असलं की तो घास उचलत नसे. आई दोन ताटं, दोन गिलास ठेवून आत निघून जायची. आपला चेहरा आपल्याला दगा देईल याची तिला धास्ती. दादा गिलासात बोट बुडवून विचारायचा, "बाबा, यात काई हाय का?"

"काई नाई गा. ताक हाय."

"तुमी पिऊन पाहा."

बाबा घोट घ्यायचे. ते खरंच सांगत होते, त्यांना माहीत तेवढं. थोड्या वेळानं आई यायची तेव्हा दोन्ही गिलास रिकामे असायचे. ती मला फोन करून सांगायची, "आज बी सारं पिला." आणि मी कुठल्या तरी बाकड्यावर बसून समाधानानं मान हलवायचो.

महिने गेले. दादात काही फरक नाही. बाई बोलतेच आहे, हा उत्तरं देतोच आहे. डॉक्टरांनी थेंब वाढवले. फरक नाही. पुन्हा वाढवले. घरात फरक पडला तो बाबांमध्ये, आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं: वय. ते पाय घासत चालायला लागले. दारातून वळायचं तर आधी थांबायचे, मग इंजिन फिरवावं तसे सगळेच्या सगळे फिरायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर तंबाखू मळल्यासारखा फिरत राहायचा. बाबांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची. आणि चेहरा. बाबा हसरे होते, मिशीतल्या मिशीत हसणारे. तो चेहरा कुणीतरी ओल्या कपड्यानं पुसून घेतल्यासारखा झाला. मी गावभरचे किस्से रंगवून सांगायचो, नकला करायचो, आई पदर तोंडाला लावून हसायची, बाबा माझ्याकडे पाहत राहायचे. बाबांना हसवता येत नाही याचा मला राग यायचा, हे आठवून आज कसंतरी होतं. अकोल्यात दाखवलं. कंपवात, असं निदान झालं, त्याच्या वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या. बाबा त्या निमूटपणे घ्यायचे.

दादाच्या बाबतीत मी माझा निष्कर्ष काढून टाकला होता: जुनं औषध फेल. करडी रेषा! माझ्या टॅबवर होतं तेच माझ्या घरी घडत होतं. मी ठरवलं, अमरावतीच्या मॅडमकडे न्यायचं आणि आमचं केशरी औषध सुरू करून घ्यायचं. पण त्यात एक काटा होता. मॅडमचा हिशेब मला ठाऊक होता. भरतीतल्या गोळ्यांना थोडाच उतार, थेंब फेल. आता आमचंही फेल गेलं तर त्या शेवटच्या औषधाकडे जाणार, ज्यात सारखं रक्त तपासत राहावं लागतं. दादा सुईच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. म्हणजे पुन्हा भरती, आणि या वेळी लांबची. बाबांना तेवढी एकच गोष्ट नको होती. "माह्या डोळ्यासमोर राहू दे," ते म्हणायचे. हल्ली हेही ते इतक्या हळू बोलायचे की पुढे वाकून ऐकावं लागे.

दादा डॉक्टरकडे यायला तयार झाला तो बाबांमुळे. बाबांनी सांगितलं, "डोक्याची डॉक्टरीण हाय. तुले पाहीन. मी संगं येतो." दादानं विचारलं, "सुई देईन का?" बाबा म्हणाले, "मले नाई मालूम. देऊ लागली तं मी तुले सांगीन." आणि ऑटोत चौघं बसून आम्ही बडनेऱ्याहून अमरावतीला गेलो.

मॅडमच्या खोलीत त्या दिवशी मी पहिल्यांदा पेशंटच्या बाजूच्या खुर्चीत बसलो. थेंबांची हकिकत मी आधीच बाहेर त्यांच्या कानावर घातली होती, दादाला कळू नये म्हणून. "औषध फेल गेलं मॅडम," मी आवाज दाबून म्हटलं होतं.

"कशावरून?"

"महिनोन्महिने चालू आहे. डोस वाढवला."

"पोटात गेलं हे कुणी पाहिलं?"

"गिलास रिकामा येतो, मॅडम."

त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या होत्या. माझे आलेख बघायच्या तसंच.

आत त्या दादाशी बराच वेळ बोलल्या. मग त्याचा हात धरून कोपरात वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. हात दोरीसारखा सैल. "चालून दाखवा." दादा ऐटीत चालला.  मग त्यांची नजर भिंतीकडेच्या खुर्चीवर गेली, जिथे बाबा बसले होते, मांडीवर हात, हाताचा अंगठा फिरतोय.

"बाबा, जरा हात द्या."

बाबांचा हात कोपरात वाकताना अडत अडत, दात्यादात्यानं वाकला. ते मला तिकडून दिसलं.

"हे केव्हापासून?"

"झाले असतीन काही महिने."

"दुपारी जेवता कुणाबरोबर?"

"याच्या संगं."

"ताक पिता?"

"हाव."

"कोणत्या गिलासातलं?"

बाबांनी क्षणभर दादाकडे पाहिलं. आणि खरं तेच सांगितलं. "याच्या. मी घोट घेतला तरी याचं समाधान होत नाई. मंग थो माहा गिलास घेते, मी त्याचा घेतो. पोराचं मन राह्यते, माहं काय जाते? ताकच त हाय."

आई "अवं माय वं!" म्हणून ओरडली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. ते ओरडणं ऐकून सगळं सगळ्यांना कळलं. मला हसू आलं. खरं सांगतो, माझ्या पोटातून हसू उसळलं, कारण याहून नेटका प्रवेश मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि ते घशाशी येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालं.

मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या भावावर औषध फेल गेलेलं नाही. त्याला ते मिळालंच नाही. औषधानं काम केलंय, ते तुमच्या वडिलांवर. हा ताठरपणा त्याचाच."

बाबा हळूहळू, सगळेच्या सगळे, आईकडे वळले. "काय टाकत होती तू?"

 बोलला दादा. ओरडला नाही, चिडला नाही. अगदी शांतपणे, कित्येक वर्षांत इतका शहाणा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता, तो म्हणाला, "म्या सांगतलं होतं का नाई, त्यात काई हाय म्हणून? बाई खरं बोलत होती."

मग तो बाबांकडे वळला. "आन् तुमी म्हनलं, काई नाई."

ऑटोतून परत येताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मॅडमनी थेंब बंद करायला सांगितले होते, बाबांच्या कंपवाताच्या गोळ्याही त्या स्वतः हळूहळू उतरवणार होत्या. दादासाठी त्यांनी लहानशी गोळी लिहून दिली होती, जुनीच, स्वस्तातली, माझ्या कंपनीची नव्हे. आणि एक ताकीद: या घरात यापुढे कुणाच्याही खाण्यात काही टाकायचं नाही. "घेतली तर सगळ्यांसमोर, सांगून घेईल. नाही तर घेणार नाही. पण निदान आपल्याला कळेल आपण काय बघतोय." जाता जाता मी विचारलं होतं, ते अभ्यासातले लोक, आलेखातले, त्यांनी तरी गोळ्या गिळल्या असतील ना? "गोळी घेतली म्हणून नावापुढे खूण केलेली असते," त्या म्हणाल्या. "चांगल्या अभ्यासात रक्तात बघतात, रिकाम्या पाकिटांवर सोडत नाहीत. तुमच्या त्या अभ्यासात काय केलं होतं?" मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो आलेख नाचवत होतो, आणि हे कधी विचारलंच नव्हतं.

दादानं गोळी तर सोडाच, शिजवलेलं खाणंच सोडलं. त्याला आपल्या हातानं सोलता येईल तेवढंच तो खाऊ लागला. केळी, शेंगा, उकडलेली अंडी आणि संत्री. संत्र्याचे दिवस होते म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. तो वाळत गेला. बाबांशी तो बोलत नव्हता. आई चुलीजवळ बसून राहायची आणि ताकाच्या मडक्याकडे पाहायची नाही. मी भावाला सांगायला गेलो, की बाबांना ठाऊक नव्हतं रे, त्यांनी खोटं सांगितलं नाही. तो म्हणाला, "तू सांगू नको. तू लय चांगलं सांगतं."

बाबा मात्र रोज दुपारी पडवीत त्याच्यासमोर बसत. तोही संत्रं सोले, हेही सोलत. बाबांच्या बोटांना साल निघता निघत नसे, पण ते सोडत नसत. ते फक्त संत्री खायला लागले तेव्हा आईनं माझ्याकडे रडून तक्रार केली. हळूहळू त्यांच्या बोटांना साल निघू लागली. पावलं उचलून पडायला लागली, पूर्ण नाही, थोडी.

एका दुपारी मी बॅग भरून दारात बूट घालत होतो. ते दोघं पडवीत. स्टेशनवर घोषणा झाली, गाडी उशिरानं धावते आहे, प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे. बाबा म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षं झाले, हिले नुसता खेदच होऊन राहिला." आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

दादाच्या हातातलं संत्रं थांबलं. "बाबा, तुमी हासले."

"हासलो का?" बाबांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला.

"तुमचं हासनं बंद होतं. थेंबानं?"

"हाव. डॉक्टरीण म्हणते थेंबानंच."

"आतून कसं लागे?"

बाबांनी विचार केला. खोटं न बोलणाऱ्या माणसाला असल्या प्रश्नाला वेळ लागतो. "सिग्नल मिळत नाई आन् गाडी उभी राह्यते, तसं. तुही माय बोले, मले ऐकू ये. चांगलंबी वाटे. पन तोंडापर्यंत काई पोहोचत नव्हतं. मंग मंग वाटनंबी कमी झालं."

"तुमाले आवाज येत होते?"

"नाई. कधीच नाई."

 मग एखादं गणित मांडावं तसं म्हणाला, "तुमच्यात आवाज नव्हते, म्हणून त्यानं हासनं बंद केलं. माह्यात दोन्ही हायेत. माह्यं काय बंद होईन?"

"मले नाई मालूम."

"आवाज बंद होतीन का?"

"मले नाई मालूम गा. डॉक्टरीण म्हणते बऱ्याच लोकायचे कमी होतात, काही लोकायचे नाई होत. तुहे होतीन का, म्या तिले विचारलं. तिलेबी नाई मालूम."

दादानं माझ्याकडे बोट केलं. "हा तं म्हणते का होतातच."

"त्याचा थो धंदा हाय," बाबा म्हणाले.

दादानं संत्र्याच्या साली गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या आणि हात पुढे केला. "आना."

असं ते सुरू झालं. रोज दुपारी दादा विचारायचा, यानं बरं होईन का, आणि बाबा सांगायचे, मले नाई मालूम, आणि तो गोळी घ्यायचा. या मंत्रासारखा मंत्र मी ऐकलेला नाही. काही महिन्यांनी दादा म्हणाला, बाई आता बडनेऱ्यावरून बोलत नाही, मूर्तिजापूरवरून बोलते. लांबून येतो आवाज, शब्द नीट कळत नाहीत. मी आनंदानं मॅडमना सांगायला धावलो. त्यांनी वजन विचारलं, झोप विचारली, आणि तोंड धुतो का ते विचारलं. वजन वाढलं होतं. दादा दुपारपर्यंत झोपत होता. तोंड सांगितल्यावर धुवत होता. हसत नव्हता. "एका माणसावरून मी काही सिद्ध करणार नाही," त्या म्हणाल्या, "पण चालू ठेवा."

बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. पडले, खुबा मोडला, मग ताप. पाय पूर्ण उचलत नव्हते म्हणून पडले का, हे विचारून काही मिळणार नव्हतं. त्या वयात माणसं पडतात.

मग गोळी माझ्या हातात आली. दादा पडवीत बसलेला, समोर बाबांची जागा रिकामी. त्यानं विचारलं, "यानं बरं होईन का?"

मला शब्द पाठ होते. मी किंचित थांबलो, आवाज खाली घेतला आणि म्हटलं, "मले नाई मालूम."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बाबाची नक्कल करून राहिला तू." आणि तोंड मिटून घेतलं. तोंड मिटलं ते मिटलंच. मी रोज प्रयत्न करायचो, रोज वेगळ्या प्रकारे, आणि तो प्रत्येक प्रकार ओळखायचा. एकदा तो म्हणाला, "बाई मूर्तिजापूरवरून निघाली." काही दिवसांनी म्हणाला, "मान्याले आली." त्यानंतर कुरुम. आमच्याकडच्या कुणालाही ही स्टेशनं पाठ असतात. कुरुमनंतर टाकळी, आणि टाकळीनंतर आम्ही.

तो कुरुम म्हणाला त्या दिवशी मी अकोल्याहून आलो होतो, गाडीत उभ्यानं. टॅब बंद पडलेला, एकाही डॉक्टरनं आत घेतलं नव्हतं. बूटही न काढता मी बाबांच्या जागेवर बसलो, तळहातावर गोळी घेऊन. त्यानं विचारायच्या आत मीच बोललो.

"दादा, मले खरंच नाई मालूम. इतके वर्षं विकून राहिलो, मले नाई मालूम."

"मंग कायले देऊन राहिला?"

"तू घेत होता तवा बाई लांब गेली. सोडली आन् ती निघाली. मले इतकंच दिसलं."

त्यानं डोळे बारीक केले. कॉलेजात असताना गणित करताना करायचा तसे. "बाबा गेल्यानंबी निघाली असीन."

"असीन," मी म्हटलं. खरंच तसं असू शकत होतं.

तो गोळीकडे पाहत राहिला. मग ती उचलून तोंडात टाकली, पाणी प्याला, आणि कुणी न सांगता तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. आतून आई दाराच्या आड उभी राहून बघत होती.

स्टेशनवर घोषणा सुरू झाली. आम्ही दोघंही ऐकत बसलो.

"कुठं हाय बाई?" मी विचारलं.

"कुरुमलेच," दादा म्हणाला. "उभी हाय."